ओसरीवरून शाळेपर्यंत

१९६५च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी ८४ बालवाड्या उघडल्या. बऱ्याचशा चर्चच्या लाकडी इमारतींत, काही रिकाम्या घरांत, काही गावकऱ्यांनी स्वतः फळ्या ठोकून उभ्या केलेल्या खोल्यांत. मुलं रंगांत बोटं बुडवत होती, गाणी म्हणत होती, गरम जेवण जेवत होती. आणि तिकडे वॉशिंग्टनमध्ये त्याच राज्याचे सिनेटर जॉन स्टेनिस या बालवाड्यांचा पैसा बंद व्हावा म्हणून जिवाचं रान करत होते. सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या सिनेटच्या समितीवर ते होते, त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना त्यांनी या बालवाड्यांचे हिशेब तपासायला माणसं धाडली, आरोपांच्या फैरी झाडल्या, अधिकाऱ्यांना जाब विचारले.

चार वर्षांच्या मुलांच्या खेळण्यात एवढं भिण्यासारखं काय होतं? मला हा प्रश्न बालशिक्षणाच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर शोधत गेलं, की लहान मूल कुणाकडून शिकतं, कुठं शिकतं आणि शिकलेलं कशाच्या आधारावर टिकतं, इथपर्यंत येऊन आपण पोचतो.

त्या मुलुखाची थोडी कल्पना आधी हवी. मिसिसिपीत तेव्हा राज्यभर सरकारी बालवर्ग नव्हतेच. ते सुरू करण्याचा कायदा १९८२ साली झाला आणि वर्ग सगळीकडे भरू लागले १९८६मध्ये. वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली दिला, त्यानंतर दोनच वर्षांत या राज्यानं सक्तीच्या शिक्षणाचा कायदाच रद्द करून टाकला. राज्यातल्या डेल्टा भागाच्या सपाट काळ्या जमिनीत कापूस पिके, आणि तो खुरपायला-वेचायला कृष्णवर्णीय माणसं लागत, मुलांसकट. १९६५ साली तिथल्या शॉ गावातल्या मजुरांनी संप केला, तेव्हा दिवसभराच्या खुरपणीची मजुरी होती तीन डॉलर. मतदार यादीत नाव घालायला गेलेल्या माणसाला राज्यघटनेतल्या एखाद्या कलमाचा अर्थ लिहून दाखवायला सांगत आणि तो बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवी. एवढं करूनही जो जाई, त्याची नोकरी जाई, घर जाई. आदल्याच वर्षी, १९६४च्या जूनमध्ये, मतदार नोंदणीच्या चळवळीतल्या तीन तरुणांचा नेशोबा काउंटीत खून झाला होता.

अशा ठिकाणी शाळा काढणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. गुलामगिरीच्या काळात बहुतेक दक्षिणी राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. यादवी युद्ध संपल्यावर मुक्त झालेल्यांच्या शिक्षणाची पाहणी करायला जॉन अल्व्हर्ड हा सरकारी निरीक्षक दक्षिणेत फिरला. त्याला जागोजागी अशा शाळा दिसल्या, ज्या कोणत्याही मिशनऱ्यानं किंवा सरकारनं काढलेल्या नव्हत्या. दोन-चार अक्षरं येणारा कुणी तरी ती अक्षरं इतरांना देत होता. अशा निदान ५०० शाळा असाव्यात असा त्याचा १८६६चा अंदाज आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना; त्याच वर्षांत तिकडे ज्यांची मुक्ती झाली होती ती माणसं चर्चच्या पडवीत पाट्या घेऊन बसली होती. पुण्यातल्या शाळांपायी शेणमाती झेलणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंना ते दृश्य किती ओळखीचं वाटलं असतं!

तर १८ मे १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ‘हेड स्टार्ट’ योजना जाहीर केली. गरीब घरातल्या मुलांना पहिलीत जाण्याआधी शिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि पोटभर अन्न मिळावं, असा बेत. पहिल्याच उन्हाळ्यात, आठ आठवड्यांसाठी, देशभरातली साडेपाच लाखांहून जास्त मुलं तिच्यात आली. ती आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष बालरोगतज्ज्ञ होते, आणि सदस्यांत युरी ब्रॉन्फेनब्रेनर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. मुलाला घरापासून सुटं काढून दुरुस्त करता येत नाही, असं ते आग्रहानं मांडत. मूल घरात असतं, घर वस्तीत असतं, वस्तीवर कुणाची तरी सत्ता असते, आणि या सगळ्याचा परिणाम मुलाच्या वाढीवर होतो. त्यातच, गरिबांसाठीच्या योजना चालवण्यात खुद्द गरिबांचा शक्य तितका जास्त सहभाग असावा, असं १९६४च्या कायद्यात लिहिलेलं होतं. वॉशिंग्टनमध्ये हे कलम लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कल्पना असेल, की मिसिसिपीतल्या बायका ते अक्षरशः खरं मानतील.

त्या बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेचं नाव चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी. टॉम लेव्हिन हे न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक १९६४च्या उन्हाळ्यात चळवळीला वैद्यकीय मदत करायला मिसिसिपीत गेले होते, त्यांनी ती उभी केली. पॉली ग्रीनबर्ग हेड स्टार्टच्या सरकारी कचेरीत काम करत होत्या. त्या नोकरी सोडून थेट मिसिसिपीत आल्या. चळवळीतले सगळेच खूश नव्हते. सरकारचा पैसा घेतला की सरकारचं मिंधेपण येतं, अशी तरुण कार्यकर्त्यांना शंका होती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती, हे पुढं दिसलं. गव्हर्नर अशा अनुदानाला नकार देऊ शकत असे. पण एखाद्या महाविद्यालयाला दिलेलं अनुदान त्याला अडवता येत नव्हतं. म्हणून पैसा आला मेरी होम्स या छोट्या कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या नावावर.

आता त्या बालवाड्यांची रीत बघा. संस्था गावात जाऊन केंद्र उघडत नसे. गावानं सभा घ्यायची, समिती निवडायची, जागा शोधायची, अर्ज करायचा. शिक्षिका कोण, स्वयंपाकाला कोण, गाडी कोण चालवणार, हे समितीनं ठरवायचं. समितीत बसणारे मुलांचे आईबाप आणि शेजारी. निवडल्या गेलेल्या शिक्षिकांपैकी अनेकींचं हायस्कूलही पूर्ण झालेलं नव्हतं. कालपर्यंत कुणी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणंभांडी करत होती, कुणी कापूस वेचत होती. आता त्या प्रशिक्षणाला जाऊन मुलं कशी वाढतात यावर चर्चा करत होत्या, अंदाजपत्रकं वाचत होत्या, पगारपत्रकांवर सह्या करत होत्या. आणि पगार आधीच्या मजुरीच्या कित्येक पट होता.

सिनेटरसाहेबांच्या धास्तीचं उत्तर इथं आहे. मिसिसिपीतली जुनी व्यवस्था मारहाणीइतकीच रोजगारावर उभी होती. मतदार यादीत नाव घातलंस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस, एवढं एक वाक्य पुरत असे. बालवाडीतल्या बाईचा पगार वॉशिंग्टनहून येत होता. तिला कामावरून काढणं गावातल्या कुठल्याही मालकाच्या हातात नव्हतं. म्हणून ती ६ ऑगस्ट १९६५ला मताधिकाराचा नवा कायदा झाल्यावर नाव नोंदवायला जाऊ शकत होती, मुलाला आजवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत घालू शकत होती. इतिहासकार क्रिस्टल सँडर्स यांनी या बालवाड्यांवर २०१६ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात या बायकांची कामं त्यांनी बारकाईनं उलगडली आहेत. बालशिक्षण आणि स्वातंत्र्याची चळवळ ही दोन कामं त्यांच्या लेखी वेगळी नव्हतीच. केंद्रांवर गोळ्या झाडल्या गेल्या, धाक घालायला क्रॉस जाळले गेले, मुलं पाठवणाऱ्यांना कामावरून काढलं गेलं. मुलं येत राहिली. जवळजवळ सहा हजार.

आत काय चालायचं, तेही तितकंच भारावून टाकणारं आहे. महागडी खेळणी नव्हती. लाकडाचे उरलेले तुकडे, रिकामे डबे, गाडीच्या टायरी यांतून वस्तू बनत. त्या काळच्या वाचनाच्या पुस्तकांत गोऱ्या मुलांची हिरवळ, गोरे आईबाप, गोरा शेजार असे. इथल्या मुलांनी ते जग पाहिलेलं नव्हतं. मग मुलांनी गोष्ट सांगावी, बाईंनी ती मुलाच्याच बोलीत, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, आणि त्याची छोटी पुस्तकं व्हावीत, अशी रीत पडली. कल्पना करा: ज्या घरात बायबलखेरीज पुस्तक नसेल, त्या घरातल्या पोराला समजतं की छापलेले हे शब्द माझेच आहेत. वाचन म्हणजे दुसऱ्याचं बोलणं घोकणं, ही समजूत रुजण्याआधीच खोडली गेली. या बालवाड्यांतली गाणी आणि बोलणी ‘फोकवेज’ कंपनीनं १९६७ साली ध्वनिमुद्रिकेवर काढली, म्हणून ते आवाज आजही ऐकता येतात.

उन्हाळा संपला आणि पुढचं अनुदान अडलं. स्टेनिस यांचे आरोप गैरव्यवहाराचे होते. हिशेब ठेवण्यात ढिलाई खरंच होती, कारण आयुष्यात पहिल्यांदा इतका पैसा हाताळणारी माणसं घाईघाईत शेकडो मैलांवर काम उभं करत होती. पण त्या ढिलाईच्या मानानं उठलेलं वादळ फार मोठं होतं. पैसा नसतानाही अनेक केंद्रं बंद पडली नाहीत. बायका बिनपगारी येत राहिल्या, घरून पीठ-भाजी आणून मुलांना जेवू घालत राहिल्या. आणि १९६६च्या फेब्रुवारीत एक अपूर्व गोष्ट घडली. ४८ मुलं शिक्षिकांसह दोन बसमधून मिसिसिपीहून वॉशिंग्टनला पोचली आणि प्रतिनिधिगृहाच्या शिक्षण समितीच्या सुनावणीच्या दालनात त्यांनी बालवाडीच मांडली. ठोकळे, रंग, चित्रं, खेळण्यातले ट्रक, गाणी. भाषण कुणाला करावं लागलं नाही. महिना संपायच्या आत छपन्न लाख डॉलरचं अनुदान मंजूर झालं.

तो विजय फार टिकला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हेड स्टार्टची सूत्रं हाती असलेले सार्जंट श्रायव्हर यांनी पैसा थांबवला आणि नेमस्त पुढाऱ्यांच्या एका नव्या संस्थेकडे तो वळवायचं ठरवलं. त्या संस्थेत गोऱ्यांबरोबर एरॉन हेन्री यांच्यासारखे चळवळीतले ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेतेही होते. हा घाव गोऱ्यांनीच घातला असता तर कदाचित कमी दुखला असता. श्रायव्हर यांना जाब विचारणारी पानभर जाहिरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये झळकली, तडजोड झाली, थोडा पैसा सुटला, पण एकदोन वर्षांत मूळ संस्था संपली. तिच्या अनुदानातून वगळलेल्या भागांत लोकांनी स्वबळावर केंद्रं चालू ठेवली, त्यातून ‘फ्रेंड्स ऑफ चिल्ड्रन ऑफ मिसिसिपी’ ही संस्था उभी राहिली. या बालवाड्यांसाठी धडपडलेल्या तरुण वकील मेरियन राइट यांनी, लग्नानंतरच्या मेरियन राइट एडेलमन यांनी, १९७३ साली ‘चिल्ड्रन्स डिफेन्स फंड’ स्थापन केला. आणि एक गोष्ट सगळ्या देशात राहून गेली. हेड स्टार्ट चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला आजही एक धोरण समिती ठेवावी लागते, तिच्यात पालकांचं बहुमत असावं लागतं, आणि पैसा व नेमणुकांच्या निर्णयांत तिचा वाटा असतो.

मिसिसिपीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा कार्यक्रम १९६९च्या नोव्हेंबरात सुरू झाला. आपल्याकडे त्याचंच रूप ‘गली गली सिम सिम’ म्हणून आलं. कार्यक्रम आखताना निर्मात्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः शहरांतल्या गरीब वस्त्यांमधली मुलं होती, आणि हार्वर्डचे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पियर्स त्यांचे सल्लागार होते. पियर्स यांचं म्हणणं साधं होतं: रोज पडद्यावर काळी-गोरी माणसं एका गल्लीत, बरोबरीनं, आपुलकीनं राहताना दिसली, तर अक्षरओळखीच्या पलीकडचं काही मुलांच्या मनात रुजेल. १९७०च्या वसंतात मिसिसिपीच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगानं हा कार्यक्रम दाखवायचा नाही असं ठरवलं, कारण त्यात काळे-गोरे एकत्र होते. देशभर ओरड झाली आणि काही आठवड्यांत निर्णय फिरवावा लागला. म्हणजे पियर्स यांचं निदान विरोधकांनाही मान्यच होतं!

आता दुसऱ्या टोकाकडून या प्रश्नाकडे पाहू. आईला समितीवर बसवणं न्यायाचं आहे, हे कळलं. पण त्यानं मूल जास्त चांगलं शिकतं का? इथं मला नेहमी शर्ली ब्राइस हीथ यांचं काम आठवतं. या भाषा-मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅरोलायनांच्या डोंगरपायथ्याच्या गिरणीगावांत १९६९पासून जवळजवळ दहा वर्षं घालवली. त्यांच्या १९८३च्या पुस्तकात एका कृष्णवर्णीय कामगार वस्तीला त्यांनी ट्रॅक्टन हे काल्पनिक नाव दिलं आहे.

ट्रॅक्टनचं बाळ सदा कुणाच्या तरी कडेवर असे. ओसरीवर, अंगणात, मोठ्यांच्या गप्पांत त्याचा दिवस जाई. त्याच्याशी बोबडं बोलायची पद्धत नव्हती. मोठी माणसं आपापसांत बोलत आणि बाळ त्या बोलण्यात बुडून असे. जरा मोठं झालं की त्याला त्या कोलाहलात स्वतः शिरकाव करून घ्यावा लागे. गोष्ट रंगवून सांगितली, नक्कल चांगली केली, चटकन हजरजबाबी उत्तर दिलं तरच लोक ऐकत. तीन-चार वर्षांची मुलं ओसरीवर उभी राहून भर सभेत कथानक रचत होती! पण एक गोष्ट तिथं जवळजवळ होत नसे. ज्याचं उत्तर स्वतःला ठाऊक आहे असा प्रश्न मोठी माणसं मुलाला विचारत नसत. “हे काय आहे? याचा रंग कोणता?” हे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत, नाक कुठंय, काऊ कसा करतो, असं आपण बाळाला दिवसभर विचारतो. ट्रॅक्टनमध्ये विचारत ते वेगळंच: हे कशासारखं दिसतंय? मग मूल दोन दूरच्या वस्तूंमधलं साम्य शोधून काढी.

हे मूल पहिलीत गेलं की काय होई? बाई हातात सफरचंद धरून विचारत, हे काय आहे? मूल गप्प. बाईंना दिसतंय सफरचंद, मलाही दिसतंय, मग त्या विचारतात कशाला? गप्प राहिल्याबद्दल शाळेची नोंद होई: याला येत नाही, याच्या घरी कुणी बोलत नाही. तीनशे साठ अंशांत गोष्ट फिरवून सांगणाऱ्या मुलावर मुकेपणाचा शिक्का बसत होता.

हीथ यांनी मग काही शिक्षिकांबरोबर काम केलं. त्यांनी वर्गात त्याच गावातल्या जागांची छायाचित्रं आणली आणि प्रश्न बदलले: इथं काय चाललंय? तू कधी इथं गेला आहेस? हे कशासारखं आहे? तीच मुलं बोलती झाली. मुलांचे आवाज टेपवर घेतले गेले, ते ऐकून इतर मुलं शिकू लागली, आणि शाळेचे प्रश्न कसे असतात, त्यांना उत्तरं कशी द्यायची, हेही हळूहळू मुलांना उघड करून सांगितलं गेलं. शाळेच्या रीतीही त्यांना आल्या. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की बदल आधी शिक्षिकांनी केला, आणि तो करायला त्यांना वस्तीतल्या ओसरीवर काय चालतं ते ठाऊक असावं लागलं.

बाहेरच्यानं ओसरीवरचं ऐकलं नाही की विज्ञानाचीही कशी फसगत होते, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी कॅन्सासमधल्या ४२ कुटुंबांत दर महिन्याला तासभर ध्वनिमुद्रण करून १९९५ साली मांडलं, की चार वर्षांचं होईपर्यंत सुस्थितीतल्या घरातलं मूल गरीब घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द जास्त ऐकतं. हा आकडा जगभर गेला. पण सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं त्यात अवघी सहा होती, आणि ती सहाही कृष्णवर्णीय. पुढे डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी वेगवेगळ्या पाच समाजांतली ध्वनिमुद्रणं तपासली, त्यात अलाबामाच्या ‘ब्लॅक बेल्ट’ या भागातली गरीब कृष्णवर्णीय कुटुंबंही होती. आईच्या बोलण्यापलीकडे आजी, मावश्या, भावंडं, शेजारी यांचं मुलाशी आणि मुलाभोवती चाललेलं बोलणंही त्यांनी मोजलं. अलाबामातल्या मुलांच्या कानांवर हार्ट-रिझलींच्या गरीब घरांच्या मानानं कितीतरी जास्त शब्द पडत होते. यावर वाद अजून चालू आहे. थेट मुलाशी बोललेल्या शब्दांचं मोल वेगळं असतं, असं काही संशोधक म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे. पण गरिबाघरी शब्दच नसतात, असं म्हणायची आता सोय उरली नाही.

आणि आता मिशिगनमधलं इप्सिलँटी गाव. तिथल्या पेरी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक चार्ल्स यूजीन बीटी हे मिशिगन राज्यातले पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. आपल्या वस्तीतली मुलं बुद्ध्यंक चाचणीत कमी पडतात म्हणून त्यांना मंदबुद्धी ठरवून बाजूला काढलं जातं, हे तिथं उघड दिसत होतं. शालेय खात्यातले डेव्हिड वायकार्ट यांना यावर उपाय शोधायचा होता, आणि बीटी यांनी आपल्या शाळेचं दार त्यांना उघडलं. १९६२ ते १९६७ या काळात १२३ मुलं निवडली, सगळी कृष्णवर्णीय, सगळी गरीब घरांतली, तीन-चार वर्षांची. त्यांतली ५८ बालवर्गात आली, ६५ आली नाहीत. गटांची विभागणी नशिबावर सोडलेली होती. रोज सकाळी अडीच तास वर्ग. मूल आधी सांगणार आज मी काय करणार, मग ते करणार, मग सगळ्यांसमोर काय झालं ते सांगणार. पण दुपारी जे होई ते मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. आठवड्यातून एकदा शिक्षिका त्या मुलाच्या घरी जाऊन दीड तास बसत असे, आई आणि मूल दोघांबरोबर. तिथं पाहुणी शिक्षिका असे आणि यजमान आई.

निकालांनी सगळ्यांना चक्रावून टाकलं. सुरुवातीला बालवर्गातल्या मुलांचा बुद्ध्यंक झपाट्यानं वर गेला. मग आठ-दहा वर्षांच्या वयापर्यंत तो फरक विरून गेला. प्रयोग तिथंच थांबवला असता तर फसला म्हणूनच नोंद झाली असती. संशोधक मात्र त्या मुलांच्या मागं राहिले: किशोरवयात, सत्ताविसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी. चाळिशीत पाहिलं तर बालवर्गात गेलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी हायस्कूल पूर्ण केलं होतं, दुसऱ्या गटातल्या ६० टक्क्यांनी. मुलींमध्ये हा फरक फारच मोठा होता. पाच किंवा अधिक वेळा अटक झालेले पहिल्या गटात ३६ टक्के, दुसऱ्यात ५५. कमाई जास्त होती. जी गोष्ट मोजायला प्रयोग सुरू झाला ती निसटून गेली आणि जिचा विचारही फारसा केला नव्हता ती चाळीस वर्षं टिकली. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी नंतर हे आकडे पुन्हा पिंजले. मुलांची हुशारी नव्हे, तर वागणं, चिकाटी आणि शिकण्याची ओढ यांत झालेला बदल हेच मुख्यतः या फरकाचं कारण असावं, असं त्यांना दिसलं. ही संख्या लहान आहे, गाव एकच आहे, आणि तो बालवर्ग खर्चिक होता. म्हणून कुठल्याही बालवाडीचा एवढाच परिणाम होईल असं म्हणता येत नाही. पण गुंतवणुकीवर वर्षाला किती टक्के परतावा, एवढ्यापुरतीच पेरीची आठवण उरावी, हे मला बरं वाटत नाही. त्या वर्गात एव्हलिन मूर नावाची एक तरुण शिक्षिका होती. चाचण्या मुलांना कशा पाडतात ते तिनं जवळून पाहिलं होतं, आणि १९७० साली ‘नॅशनल ब्लॅक चाइल्ड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट’ स्थापन करणाऱ्यांत ती होती.

हा धागा आजही वस्तीवस्तीत निघतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ‘बेबी कॉलेज’ भरतं, नऊ शनिवार. विद्यार्थी म्हणजे तान्ह्या मुलांचे आणि येऊ घातलेल्या बाळांचे आईबाप, आणि बरोबर पोरांची सोय, जेवणाची सोय. ॲल्विन अर्बी या शिक्षकानं २०१४ साली ‘बार्बरशॉप बुक्स’ सुरू केलं. कृष्णवर्णीय वस्तीत केशकर्तनालय म्हणजे बापलोकांची बैठकीची जागा, तिथं मुलगा दर दोन-तीन आठवड्यांनी येतोच आणि ताटकळत बसतो. अर्बीनं तिथं मुलांना आवडतील अशा पुस्तकांची मांडणी ठेवली. शाळेत वाचायला लावणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. इथं ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं तो पुरुष खुर्चीमागं उभा राहून विचारतो, काय वाचतोयस?

पेरीची मुलं आता साठीत आहेत. हेकमन आणि गणेश करपाकुला यांनी २०१९ साली त्यांच्या पन्नाशीतल्या आयुष्याचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालवर्गात गेलेल्यांच्या मुलांमध्ये शाळेतून निलंबित न होता हायस्कूल पूर्ण करण्याचं आणि पूर्णवेळ काम मिळवण्याचं प्रमाण अधिक होतं. ती मुलं मोठी झाली ती बहुतेक तशाच वस्त्यांत. वस्ती बदलल्यानं हा फरक पडला असं दिसलं नाही. बदललेलं होतं ते घर. बालवर्गात गेलेल्यांचे संसार अधिक स्थिर होते, आणि मुलं लहान असताना आईबाप दोघं घरात असण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं.